निम्मी माळ

रविवार, २ मे २०२१

चतुरा,

येशूची स्तुती असो. पुढचं 'सदासर्वकाळ' म्हणायचं का न्हाई ते तुझ्या मनावर.

हे पत्र तुझ्याच घराच्या दाराखालच्या फटीतून आत सारणार हाय. हसू नको. पोस्टमन गावात येईना, दुधाच्या टेम्पोवाला कागदाला हात लावीना, आन तुझा फोन तर दोन वर्षं माझ्यासाठी बंदच हाय. ऊस संपला, कारखाना बंद पडला की याल ना घरी? कुलूप काढलंस की पायातच येईल. वाच, न्हाईतर चुलीत घाल. सिस्टर लोकांनी बोर्डिंगात सातवीपर्यंत हाताला वळण लावलं, ते कुठंतरी कामाला येऊ दे.

इथं सगळ्याला कुलूप हाय. बाजार बंद, चर्च बंद. फादर फोनवर मिस्सा दाखवतात, ते धोंडीराम मास्तरांच्या फोनात. त्यात फादरचं डोकं सुपारीएवढं दिसतं आन ऐन उपदेशात थांबून राहतं. मास्तरच आता वस्तीचे फादर. सकाळी दूध सोसायटीत माप घालायचं, सांजच्याला दारोदार लांबून हाक मारून 'माळ म्हणा गं' सांगायचं. काल ते मरियामातेच्या मूर्तीची काचेची पेटी घेऊन आले. दरसालच्या मे महिन्यात माता एकेक सांज एकेका घरी जाती, पण यंदा फादरचा निरोप आला की माता फिरवायची न्हाई. पहिल्या घरी महिनाभर राहील, बाकीच्यांनी आपापल्या उंबऱ्यात बसायचं. पहिलं घर माझं. मास्तरांनी पेटी बाहेरच ठेवली आन असे लांब सरकले, जशी काय मीच महामारी.

आता मला सांग, माझ्यानंतर पाळी कुणाची? समोरच्या घराची, म्हणजे तुझी. ऊसतोडीला गेलेल्यांचं घर बंद असलं तरी मातेला त्याच्या उंबऱ्यावर टेकवायचं, मेणबत्ती लावायची, माळ म्हणायची, मगच पुढं न्यायचं, ही आपल्या सासूनं घातलेली रीत. 'त्यांचं दार ओलांडून माय पुढं गेली, असं कुणी म्हणायला नको,' असं आत्याबाई म्हणायच्या. फादरला काय ठाऊक हे? ते केरळचे. आन गल्ली ओलांडणं म्हणजे काय फिरवणं झालं का? बंद घरात कुणाला रोग लागतोय?

म्हणून आज सांजच्याला पेटी तुझ्या उंबऱ्यावर नेली. मोगऱ्याची फुलं वाहिली, मेणबत्ती लावली, बसले. माळेच्या दोन्ही बाजू, पहिली आन उत्तराची, मलाच म्हणायच्या होत्या. 'नमो मरिये, कृपापूर्णे' सुरू केलं, 'तुझ्या उदराचं फळ येशू'पर्यंत आले आन श्वास घ्यायला थांबले.

चतुरा, आतून उत्तर आलं.

'पवित्र मरिये, देवमाते, आमां पाप्यांसाठी आता...' तिथं दम घेतला, मग 'आन आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमेन.' 'आता'च्या पुढं अख्ख्या वस्तीत तू एकटीच थांबतीस. आत्याबाई त्यावरून तुला किती बोलायच्या, 'आता काय झालं, गाडी पंक्चर झाली का?' म्हणून.

मी पेटी उचलली आन घरी पळत आले. मेणबत्ती तिथंच राहिली. उंदीर असतील म्हणून स्वतःला समजावलं. पण उंदीर काय माळ म्हणतात का गं?

सिंधुअक्का


बुधवार, ५ मे

चतुरा,

तुला वाटंल अक्काला वेड लागलं. लागलं असतं तर बरं होतं, निदान झोप तरी आली असती.

सोमवारी भर दुपारी तुझ्या घराला फेरी मारली. कुलूप तसंच हाय, बन्सी भावजींनी दिवाळीनंतर जाताना घातलेलं, वर पिशवी बांधलेली. खिडकीच्या फळ्या खिळलेल्या. मागच्या भिंतीला घुशीनं पाडलेलं भोक हाय, त्यातनं बघितलं. आत अंधार, तुझी उतरंड, कोपऱ्यात उभी केलेली बाज. भुईवर धुळीचा थर, त्यावर पाऊल न्हाई. नुसतं माझं पत्र दारापाशी पडलेलं दिसलं.

तरी सांजच्याला पुन्हा गेले. कशाला गेले म्हणशील? पेटी त्या घरची पाळी अर्धी टाकून परत आणली होती ना मी. मातेला काय वाटंल? बसले, सुरू केलं, आन पुन्हा आलं उत्तर. ह्या वेळी पळाले न्हाई. एका मण्यावर मुद्दाम निम्म्यातच थांबले, बघू तरी म्हणलं. आतलं माणूसही थांबलं. मी राहिलेलं पुरं केलं तसं लगेच 'पवित्र मरिये'. म्हणजे ऐकतंय कुणीतरी.

आवाज तुझाच हाय. त्यात मला फसवता यायचं न्हाई. दोन वर्षं तू माझ्याशी बोलली न्हाईस, पण तू घरी असलीस तर सांज झाली की मी माझ्या दारात 'नमो मरिये' म्हणायची आन तू तुझ्या दारातनं उत्तर द्यायचीस. तोंड तिकडं फिरवून द्यायचीस, पण द्यायचीस. शेजारच्या रुक्मिणीबाई एकदा मास्तरांना म्हणल्या, 'ह्या दोघी जावा भांडत्यात का माळ म्हणत्यात तेच कळंना.' तू आत्याबाईंच्या देवाला उत्तर देत होतीस, मला न्हाई, हे मला कळत होतं. पण तेवढाच तुझा आवाज कानावर पडायचा, म्हणून मी कधी सांज चुकवली न्हाई.

आता आत्याबाईंचा विषय निघालाच हाय तर लिहून टाकते. तू म्हणतीस, म्हातारीला मातीआड करताना मी तुझ्यासाठी थांबले न्हाई. न्हाईच थांबले. दुष्काळाचं साल, होळी होऊन गेलेली, प्यायला टँकरचं पाणी, बर्फ कुठनं आणायचा होता? कबरस्तानातली जमीन अशी झालती की मास्तरांनी आन वस्तीतल्या आश्रुबानं पहारीनं फोडली. तुमच्या टोळीचा मुकादम म्हणाला गाडी निघाली, मग म्हणाला निघाली न्हाई. म्हातारीचं अंग फुगायला लागलं होतं, चतुरा. तुला ते सांगितलं न्हाई, सांगण्यासारखं न्हवतं. तू आलीस, ओल्या चुन्याचा क्रूस बघितलास आन म्हणालीस, 'मला मूठभर माती बी देऊ दिली न्हाईस.' तेव्हापासून तुझ्या तोंडाला कुलूप. मी आजही म्हणते, माझं चुकलं न्हाई. पण तुझी मूठ रिकामी राहिली हे मला दिसतं. रोज दिसतं.

एक गोष्ट मनातनं जाईना. आत्याबाई म्हणायच्या, लांब मुलखात माणूस मेलं की त्याचा जीव आधी आपल्या उंबऱ्याला येतो, मग पुढं जातो. तू बरी हायस ना गं? कारखान्यावर ताप पसरलाय असं टेम्पोवाला म्हणत होता. आज मास्तरांना म्हणलं, मुकादमाला फोन लावा. ते म्हणाले लागंना. मी म्हणलं, लागेपर्यंत लावा.

मला थोडी कणकण हाय. उन्हात तुझ्या घराभोवती फिरले त्याची.

सिंधुअक्का


सोमवार, १० मे

चतुरा, जिवंत असशील तर भांड माझ्याशी. शिव्या घाल. पण एवढं कळव.

मास्तरांचा फोन अजून लागला न्हाई. रोज सकाळी सोसायटीच्या पायरीवर उभे राहून लावतात, मी लांबनं बघते. मग नुसता हात हलवतात. कालच्याला शेजारच्या गावात एक तोडीवाली बाई ट्रॅक्टरमधनं खाली उतरवली ती उठलीच न्हाई म्हणे. कुठल्या कारखान्याची ते कुणाला ठाऊक न्हाई. मी नाव विचारलं, तर रुक्मिणीबाई म्हणल्या, 'अक्का, नाव कोण सांगतंय? आजकाल माणूस गेल्यावर नुसतं गावाचं नाव सांगत्यात.'

परवा मी ठरवलं, आता माळ म्हणायची न्हाई. मी सुरू करते म्हणून ते उत्तर देतं. सुरूच केलं न्हाई तर आपोआप बंद पडंल, आन ते बंद पडलं तर चतुरा जिवंत हाय असं समजायचं. काय डोकं चाललं बघ म्हातारीचं. पेटीपुढं मेणबत्ती लावली आन तुझ्या उंबऱ्यावर तोंड मिटून बसले. पलीकडं मास्तरांच्या घरी माळ सुरू झाली, संपली. दिवेलागण झाली. मी गप. आन आतनं कुणीतरी घसा खाकरला. तू खाकरतीस ना, मला उशीर झाला की? चुलीपुढनं दोनदा बारीक खाकरून 'चला की आता' म्हणल्यासारखं? तसंच.

मग म्हणलं, बाई गं, मेलेली असलीस तर तुला ह्या माळेची गरज हाय, आन जिवंत असलीस तर मला हाय. कशीही असलीस तरी सोडायची न्हाई. सगळी माळ म्हणले. रडत म्हणले. तुझा आवाज काय रडका न्हवता. थकलेला होता, दिवसभर मोळ्या वाहिल्यासारखा.

मास्तरांनी हाक मारली, 'अक्का, कुणाशी बोलता?' मी म्हणलं, देवाच्या आईशी. त्यांनी लांबनंच क्रूसाची खूण केली. त्यांना काय ऐकू येत न्हाई. विचारलं मी आडून आडून. ते म्हणाले, तुमचा एकटीचाच आवाज येतो, निम्मी माळ म्हणता आन निम्म्याला गप बसता, असं करू नये, पूर्ण म्हणावी.

मोगऱ्याला यंदा वासच न्हाई. नाकाशी धरला तरी न्हाई. विहिरीचं खारं पाणी घातलं म्हणून असंल. सकाळी दूध उतू जाऊन करपलं ते रुक्मिणीबाईनं रस्त्यावरनं ओरडून सांगितलं, तोवर मला पत्ता न्हाई. चुलीपुढंच बसलेली मी. लक्ष ठिकाणावर न्हाई, दुसरं काय.

अक्का


गुरुवार, १३ मे, फातिमा मातेचा सण

अगं चतुरे, सटवे, जिवंत हायस!

मास्तर आज सकाळी चरवी हातात घेऊनच पळत आले. माझ्या दारापासून लांब उभे राहिले आन तोंडावरची पट्टी खाली ओढून ओरडले, 'अक्का, लागला फोन! समदे ठीक हायत!' मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातानं तशीच बाहेर आले. मास्तर नको नको म्हणत मागं सरकले, मी पुढं. शेवटी त्यांनी हात जोडले, मग थांबले.

काय काय बोलणं झालं ते मी त्यांच्याकडनं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. बन्सी भावजी म्हणाले, ताप आमच्या टोळीत न्हाई. ऊस उभा हाय म्हणून कारखान्याच्या संचालकांनी टोळ्या सोडल्या न्हाईत, पण आता गाळप संपून धुराडं बंद पडायला आलंय, येत्या आठवड्यात निघू. जीव भांड्यात पडला माझा. आन मग मास्तरांनी विचारलं, चतुराबाई माळ म्हणती का? तर भावजी हसले म्हणे. म्हणाले, 'म्हणती की. पर निम्मीच म्हणती. सांजच्याला पाचटाच्या कोपीच्या बाहेर आपल्या गावाकडं तोंड करून बसती, मधी मधी गप राहती, मग उत्तराची बाजू तेवढी म्हणती. मी म्हणलं, येडे, पहिली बाजू कावून म्हणत न्हाईस? तर म्हणती, पहिली अक्का म्हणतीया.'

मास्तर हे सांगून माझ्याकडं बघत राहिले. त्यांना आठवलं असावं, मी कुठली निम्मी म्हणते ते.

मी म्हणलं, तिच्याशी बोललात का? ते म्हणाले, फोन तिच्या कानाला लावला होता, पण ती काय बोलंना. तुमच्या अक्काला काही सांगायचं का विचारलं, तर एवढंच म्हणाली, 'ऐकू येतंय म्हणावं.'

चतुरा, दोन वर्षांनी माझ्यासाठी आलेला हा पहिला शब्द हाय तुझा. मी आत गेले, दार लावलं, आन परातीवर डोकं टेकून रडले. पिठाचं तोंड झालं सगळं. आता मला कशाची भीती न्हाई. उसाच्या फडात बसून तू उत्तर देतीस आन ते तुझ्या बंद घरातनं मला ऐकू येतं, ह्याला काय म्हणायचं ते फादरनं ठरवावं. मला पुरे झालं.

तू कधी पहिली बाजू म्हणायला शिकलीच न्हाईस. आत्याबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, मग मी. धाकट्यानं उत्तर द्यायचं, हेच तुला ठाऊक. आलीस की शिकवीन. मी काय जन्माला पुरणार हाय का?

पेटी आता तुझ्या उंबऱ्यावरच ठेवली हाय. उचलून न्यायला आणायला दम लागतो.

अक्का


सोमवार, १७ मे

चतुरा,

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे.

शनिवारपासून उठणं होईना. खोकला हाय. रुक्मिणीबाई पेज आणून उंबऱ्यावर ठेवते आन 'अक्का, खाल्लं का?' म्हणून ओरडते. खाल्लं म्हणते मी. चवच न्हाई कशाला, मांजराला घालते. मास्तर म्हणाले गाडी बोलावतो, बीडला खाट न्हाई मिळाली तर अंबाजोगाईला नेऊ. मी म्हणलं, गाडी दारात आणलीत तर पहारीनं टायर फोडीन. तिकडं नेलेली माणसं पिशवीत बांधून येतात, तोंडसुद्धा दाखवत न्हाईत. मला इथंच राहायचं. तू येणार हायस. मला तुझ्या हातची मूठभर माती पायजे, बाकी माझं मागणं न्हाई. आत्याबाईंच्या वेळची तुझी मूठ रिकामी राहिली, ती माझ्यावर उघड. म्हणजे फिटलं.

बघ कसं लिहून गेले. मरत न्हाई एवढ्यात. तू शुक्रवारी पोचशील असं मुकादम म्हणालाय. तेवढं काढीन की.

माळ बाजेवरूनच सुरू करते. पहिल्या दिवशी वाटलं, गल्लीपलीकडं आवाज पोचणार न्हाई, मलाच माझा ऐकू येईना. पण उत्तर आलं. आन चतुरा, ते तुझ्या घरातनं न्हाई आलं. माझ्या दारातनं आलं. काल त्याहून जवळ, चुलीपाशी. आज बाजेच्या पायथ्याशी आलं, 'आता' म्हणून दम घेतलास तो माझ्या पायाला लागला. लई बरं वाटलं. पाय गार पडले होते.

हे पत्र रुक्मिणीबाईला सारायला सांगणार न्हाई. उद्या सांजच्याला मीच येते तिकडं. मातेपुढं मेणबत्ती न्हाई लावली तीन दिवस, अंधारात बसली असंल बिचारी.

अक्का


मे महिनाच असावा

चतुरा,

खोकला गेला. एकदम गेला. मोगऱ्याचा वास तर असा सुटलाय की डोकं भरून आलं. वाळून कोळ झालेली फुलं ती, तुझ्या उंबऱ्यावरची, तरी वास येतोय, आन करपलेल्या दुधाचा, चुन्याचा, ओल्या मातीचा, सगळ्याचा.

मी तुझ्या घरात हाय. कुलूप काढलं न्हाई, पिशवी तशीच बांधलेली हाय वर. कसं आले ते विचारू नको, मलाच ठाऊक न्हाई. माझी पत्रं भुईवर पसरली होती ती गोळा करून मातेच्या फोटोच्या कोनाड्यात ठेवली. धुळीवर माझं पाऊल उठत न्हाई. दोनदा चालून बघितलं.

पांढऱ्या प्लास्टिकमधली माणसं येऊन गेली. रुक्मिणीबाईला मी तुझ्या उंबऱ्यावर सापडले म्हणे, पेटीला टेकलेली. मला नेलं ते मी ह्या फटीतनं बघितलं. मास्तर मास्तरकी न सोडता लांबनं पुस्तक वाचत होते, पण रडून रडून शब्द खात होते. माती कुणालाच देऊ दिली न्हाई. मोठ्या यंत्रानं ढकलली, वर पांढरी पावडर मारली. हे मला आवडलं न्हाई.

आन आज तुमचा ट्रॅक्टर आला. फटीतनं मला तुझे पाय दिसले, टाचा फुटलेल्या. तू आपल्या घराकडं बघितलं बी न्हाईस. थेट माझ्या दारात गेलीस. 'अक्का, अगं अक्का!' दोन वर्षांनी तू मला हाक मारलीस आन मी गल्लीच्या ह्या बाजूला. रुक्मिणीबाई ओरडली, 'तिथं जाऊ नगंस! अक्का गेली गं. मंगळवारी गेली.'

तू म्हणालीस, 'कशाला खोटं बोलता? काल सांजेला ट्रॅक्टरमधी बसलेलो, तवा बी तिनं माळ सुरू केली. मी उत्तर दिलंय. समदी माळ झालीया.'

रुक्मिणीबाई खाली बसली. बन्सी भावजींनी टोपी काढली.

मग तू कबरस्तानाकडं गेलीस. पोलिसानं आत सोडलं नसंल, कारण लगेच परत आलीस. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. कबरस्तानाच्या फाटकातली माती असावी. कुणाला उघडून दाखवली न्हाईस. बन्सी भावजी कुलूप काढायला आले तर तू त्यांना हातानं मागं सारलंस.

उंबऱ्यावर मातेची पेटी हाय, मला नेलं तेव्हापासून कुणी तिला हात लावला न्हाई. तू तिच्यापुढं बसलीस. पदरानं काच पुसलीस. भावजींच्या काडीपेटीनं मेणबत्तीचा उरलेला तुकडा लावलास. माझ्या दाराकडं तोंड करून लई वेळ थांबलीस, मी सुरू करीन म्हणून. दोनदा खाकरलीस.

मी गप बसले. जीव कासावीस झाला तरी गप बसले. शिकवीन म्हणलं होतं ना?

दिवेलागण झाली तशी तू सुरू केलंस. 'नमो मरिये...' आवाज फाटला, पुन्हा घेतलास. 'कृपापूर्णे...' अडखळलीस, पण सोडलं न्हाईस. 'तुझ्या उदराचं फळ येशू'पर्यंत आलीस आन थांबलीस.

'पवित्र मरिये, देवमाते,' मी म्हणले, 'आमां पाप्यांसाठी आता...' तिथं मी तुझ्यासारखा दम घेतला, 'आन आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमेन.'

बन्सी भावजींना काय ऐकू आलं न्हाई, ते बिडी पेटवत होते. तू मात्र दचकून आपल्या बंद दाराकडं वळलीस. मला तुझा एक डोळा दिसला दाराच्या फळ्यांमधल्या चिरेतनं. भिऊ नको म्हणणार होते, पण तू भ्यालेली न्हवतीस. म्हणालीस, 'ऐकू येतंय अक्का.' मग वाकलीस, पत्रं सारायच्या त्या फटीपाशी मूठ आणलीस आन उघडलीस.

माती आत आली. थोडी तुझ्या घामानं ओली होती.

पोचली गं बाई. आता पुढचा मणी घे.